बोनेटखालचा आवाज: गॅरेज गाठण्याआधी काय ऐकायचं आणि कसं ऐकायचं

गेल्या पावसाळ्यातली एक सकाळ. रात्रभर पाऊस झाला होता. आमच्या ठाण्यातल्या सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये पहिल्या मजल्यावरचा मुलगा गाडीपाशी माझी वाट बघत उभा होता. दीड महिन्यापूर्वीच त्याने सेकंड हँड हॅचबॅक घेतली होती, आयुष्यातली पहिली गाडी. "काका, सेल्फ मारला की गाडी किंचाळते. दोन मिनिटांत बंद होते. इंजिन गेलं का हो?" चेहरा पार उतरलेला. मी त्याला तीनच गोष्टी विचारल्या. पाऊस पडून गेल्यावरच होतं का? एसी लावला की वाढतं का? रेस दिली की चढतं का? तिन्हींना तो "हो" म्हणाला. बोनेट उघडायच्या आधीच निम्मा शोध लागला होता.

नवीन गाडीवाला गॅरेजमध्ये गेला की तोंडाने आवाज काढून दाखवतो. त्यात गैर काही नाही, पण मेकॅनिकच्या हाती त्यातून फारसं लागत नाही, कारण एकाची खडखड म्हणजे दुसऱ्याची खरखर असते. आवाज केव्हा येतो, कशाबरोबर वाढतो आणि काय केलं की थांबतो, हे सांगितलंत तर मात्र चांगला मेकॅनिक लगेच कान टवकारतो. हा सगळा लेख त्या तीन उत्तरांसाठी आहे. पाना हातात न घेता ती मिळवता येतात. त्यांनी पैसेही वाचतात आणि कधीकधी इंजिनही.

सगळ्यात आधी: गाडी चालवायची की आहे तिथे बंद करायची?

काही आवाज असे असतात की शोध वगैरे नंतर, आधी डावीकडे घेऊन इंजिन बंद करायचं.

रेस वाढवली की वाढणारी, खोलवरून येणारी जड ठकठक, जणू आत कोणी हातोडीने ठोकतंय. त्याच्या जोडीला तेलाच्या बुधलीचा लाल दिवा लागला असेल तर एक किलोमीटरसुद्धा पुढे जाऊ नका. ऑइलचा दाब गेला की क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, बेअरिंगांमधली तेलाची फिल्म तुटते, धातू धातूवर घासतो आणि काही मिनिटांत इंजिन बांधायची वेळ येते. माजिवड्याच्या पुलावर मागून हॉर्नचा मारा होत असतो, आपल्याला वाटतं घर जवळच आहे, पोहोचू. टोइंगचा खर्च इंजिनच्या कामापुढे काहीच नसतो.

तापमानाचा काटा वर गेलाय आणि बोनेटखालून उकळल्यासारखी गुडगुड येतेय, तेव्हाही थांबा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून ते १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की त्याच क्षणी वाफ होऊन तोंडावर येतं. अर्धा-पाऊण तास थांबा.

तिसरी गोष्ट चेक इंजिनचा दिवा. नुसता लागून राहिला तर सावकाश गॅरेजला जाता येतं. पण तो लुकलुकत असेल आणि गाडी मिस मारत असेल, म्हणजे मधूनमधून पेट्रोल न जळता झटके देत असेल, तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो महागडा भाग जळतो. अशा वेळी रेस सोडा आणि जमेल तितक्या लवकर बाजूला थांबा.

बाकी बहुतेक आवाज एक-दोन दिवसांची सवड देतात. त्या सवडीत पुढचं करा.

बोनेट उघडण्याआधी

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, गियर न्यूट्रलमध्ये. ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये. बंद बेसमेंटमध्ये इंजिन चालू ठेवून आवाज ऐकत बसू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि घोडबंदर रोडवरच्या नव्या टॉवरांच्या दोन-दोन मजली बेसमेंटांत वारा फिरत नाही. स्टिल्टला किंवा कंपाउंडमध्ये उघड्यावर या.

ओढणी, मंगळसूत्र, गळ्यातलं ऑफिसचं ओळखपत्र, सैल बाही, मोकळे केस हे सगळं आधी आवरा. बेल्टला दया नसते. रेडिएटरचा पंखा तर इंजिन बंद असतानाही आपोआप फिरू लागतो. सिग्नलला स्वतःहून बंद-चालू होणारी गाडी असेल तर बोनेटखाली हात घालायच्या वेळी किल्ली काढून घ्या. बटण स्टार्ट असेल तर किल्ली गाडीपासून दूर नेऊन ठेवा.

आणि दोन माणसं हवीत. एक सीटवर, एक बोनेटपाशी. एकट्याने धावपळ करत ऐकलेल्या आवाजावर माझा भरवसा नाही.

पहिली चाळणी: आवाज इंजिनचा की चाकांचा?

पुढून आवाज आला की तो इंजिनचाच, असं नवीन माणसाला वाटतं. तसं नसतं. गाडी उभी करा, न्यूट्रलमध्ये ठेवा, हळूहळू २००० ते २५०० आरपीएमपर्यंत (इंजिनचे मिनिटाला होणारे फेरे) रेस द्या. आवाज आला आणि रेसबरोबर चढला तर तो इंजिनचा किंवा इंजिनवर चालणाऱ्या एखाद्या भागाचा. उभ्या गाडीत काहीच ऐकू येत नाही आणि चालत्या गाडीत गियर बदलला तरी आवाज वेगाबरोबरच राहतो, तर ते चाकाचं बेअरिंग, टायर किंवा चाकाला ताकद पोहोचवणारा ड्राइव्ह शाफ्ट.

यासाठी रविवारी पहाटेचा नवी मुंबईतला पामबीच रोड उत्तम. एकसारखा, खड्डे कमी, रहदारी नाही. वेगमर्यादेत राहून ५० वर गाडी आधी चौथ्यात, मग तिसऱ्यात चालवा. वेग तोच, आरपीएम वेगळे. आवाजाचा सूर गियरबरोबर बदलला तर इंजिन, तोच राहिला तर चाकं. ठाण्यात राहत असाल तर ऐरोलीचा पूल ओलांडून तिकडे जायला पहाटे फार वेळ लागत नाही.

दुसरी युक्ती भिंतीची. डावीकडची काच खाली करा आणि लांबलचक कंपाउंडच्या भिंतीला किंवा पुलाच्या कठड्याला धरून सावकाश चला. भिंतीवर आपटून आवाज परत येतो आणि आत बसून न जाणवणारी टिकटिक स्पष्ट ऐकू येते.

दुसरी चाळणी: एकेक बटण

आता गाडी उभी, इंजिन चालू. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पाच सेकंद ऐका. घाई केली की कशामुळे काय झालं ते कळत नाही.

एसी लावा. "टक" असा एक आवाज होऊन आरपीएम किंचित हलतो. तो कॉम्प्रेसरचा क्लच बसल्याचा आवाज, अगदी नॉर्मल. एसी लावल्यावरच घरघर सुरू झाली आणि बंद केल्यावर थांबली तर कॉम्प्रेसर किंवा एसीचा पंखा. एसी बंद असतानाही कॉम्प्रेसरच्या पुलीचं (बेल्टवर फिरणाऱ्या चाकाचं) बेअरिंग फिरतच असतं, म्हणून बेअरिंगचा आवाज कधीकधी उलटा, एसी बंद असताना जास्त जाणवतो. हे मला फार उशिरा समजलं.

हेडलाइट, मागच्या काचेचा डिफॉगर आणि ब्लोअर एकदम लावा. विजेची मागणी वाढली की अल्टरनेटर, म्हणजे गाडीसाठी वीज बनवणारा भाग, जड होतो. तेवढ्याने किंचाळी किंवा सूं असा आवाज वाढला तर शोध अल्टरनेटर आणि त्याच्या बेल्टकडे न्या.

क्लच पूर्ण दाबा. दाबल्यावर घरघर सुरू झाली तर क्लचचं रिलीझ बेअरिंग. उलट, न्यूट्रलमध्ये येणारी घरघर क्लच दाबताच थांबली तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. एका पायाच्या हालचालीत एवढा फरक कळतो, तरी गॅरेजमध्ये जाणारे फार थोडे लोक तो करून बघतात.

जुन्या, हायड्रॉलिक स्टिअरिंगच्या गाडीत स्टिअरिंग एका टोकापर्यंत फिरवा. कण्हल्यासारखा आवाज आला तर पंपातलं ऑइल बघा. आताच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंग विजेवर चालतं, तिथे हा पंपच नसतो.

शेवटी ब्लोअरचा वेग कमी-जास्त करा. डॅशबोर्डमागची खरखर ब्लोअरबरोबर बदलत असेल तर इंजिनला दोष देऊ नका. पावसाळ्याच्या तोंडावर झाडाखाली लावलेल्या गाड्यांत वाळकं पान ब्लोअरमध्ये जाऊन अडकतं.

कानाला नळी लावा

हार्डवेअरच्या दुकानातून एक मीटर रबरी पाइप आणा. एक टोक कानाशी, दुसरं टोक आवाज येतोय त्या दिशेला. पाइप धातूला टेकवायचा नाही, फक्त फिरवायचा. फसफस, हवा सुटणं, गॅस्केटमधून फुंकर यासाठी हा पाइप एक नंबर. बेअरिंगच्या घरघरीसाठी लांब स्क्रूड्रायव्हर: टोक न फिरणाऱ्या भागावर, म्हणजे अल्टरनेटरच्या बॉडीवर किंवा पंपाच्या बोल्टवर, आणि मूठ कानामागच्या हाडाला. चांगलं बेअरिंग एकसारखं, गुळगुळीत वाजतं. खराब झालेल्यात वाळू भरल्यासारखा खरखरीतपणा ऐकू येतो. फिरत्या पुलीच्या जवळ टोक नेऊ नका. हाताला सवय नसेल तर हे काम मेकॅनिकवर सोडा, पाइप पुरेसा आहे.

बेल्ट: नवीन माणसाला सगळ्यात आधी भेटणारा आवाज

पहिल्या मजल्यावरच्या मुलाकडे परत येतो. इंजिनच्या बाजूला नालीदार रबरी बेल्ट असतो. क्रँकशाफ्टच्या पुलीवरून तो अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर आणि बऱ्याच गाड्यांत वॉटर पंप फिरवतो. रात्रभर दमट हवेत बेल्ट ओलसर होतो, सकाळी सेल्फ मारल्यावर बॅटरी भरायला अल्टरनेटर जोर लावतो, आणि सैल बेल्ट पुलीवर घसरून किंचाळतो. दोन मिनिटांत तो कोरडा होतो, बॅटरीही थोडी भरते, आवाज थांबतो. आवाज थांबला म्हणून दोष गेला असं होत नाही.

मी घरातून झाडांवर पाणी मारायची स्प्रेची बाटली आणली. मुलाला सीटवर बसवलं, इंजिन चालू, एसी चालू. हातभर अंतरावरून बेल्टच्या नालीदार बाजूवर साध्या पाण्याचे दोन-तीन फवारे मारले. किंचाळी एकदम वाढली. "ऐकलंस?" म्हटलं. तो सीटवरून वाकून बघत होता, मी त्याला परत बसायला लावलं.

ही पाण्याची परीक्षा अशी वाचायची. पाणी पडताच आवाज वाढला तर बेल्ट घसरतोय: ताण कमी, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) थकलेला किंवा बेल्ट झिजलेला. पाणी पडताच आवाज गप्प झाला आणि थोड्या वेळाने परत आला, आणि तो किंचाळीपेक्षा चिमणीच्या चिवचिवाटासारखा असेल, तर पुल्या एका रेषेत नाहीत. पाण्याने काहीच फरक पडला नाही तर बेल्टला सोडा, एखाद्या पुलीचं बेअरिंग शोधा.

बेल्ट बघायचा तो इंजिन बंद करून, टॉर्चने. जुन्या रबराला भेगा पडायच्या, त्यामुळे "भेगा नाहीत, चालेल अजून" असं अजूनही ऐकू येतं. आताचे बेल्ट ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचे असतात. त्यांना भेगा सहसा पडत नाहीत, टायरसारख्या त्यांच्या नाल्या झिजून खोल होतात, आणि वरून छान दिसणारा बेल्ट घसरत राहतो. मुलाच्या गाडीत नेमकं हेच निघालं. बेल्टच्या कडेने धागे सुटलेत का, त्यावर हिरवट किंवा गुलाबी कूलंटचा, नाहीतर काळ्या ऑइलचा ओघळ आहे का, तेही बघा. वॉटर पंप गळून बेल्ट भिजत असेल तर नवीन बेल्टही महिन्याभरात ओरडेल.

बेल्टला साबण, ग्रीस, गंज सोडवायचा स्प्रे असलं काही लावू नका. आवाज तासभर बंद होतो आणि रबराची वाट लागते. किंचाळणारा बेल्ट महिनोन्‌महिने तसाच चालवूही नका. तो तुटला की बॅटरीचा दिवा लागतो आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर इंजिन तापू लागतं. कासारवडवलीच्या जाममध्ये अडकलेले असताना हे होणं किती वाईट, ते तिथून रोज जाणाऱ्याला सांगायला नको.

एका गोष्टीची मला अजून चुटपुट लागते. काही वर्षांपूर्वी माझ्या गाडीत रेसबरोबर चढणारी घरघर होती. एका गॅरेजने अल्टरनेटर बदलायला लावला. आवाज तसाच राहिला. दुसऱ्या मेकॅनिकने बेल्ट उतरवला आणि एकेक पुली बोटाने फिरवली. आयडलर पुली, बेल्टला नुसती वाट देणारी, खरखरली, बाकी सगळ्या गप्प होत्या. पाच मिनिटांची तपासणी. त्या पुलीची किंमत अल्टरनेटरच्या मानाने किरकोळ होती. तेव्हापासून बेल्ट उतरवून पुल्या फिरवून बघितल्याशिवाय अल्टरनेटर, पंप किंवा कॉम्प्रेसर बदलायला मी होकार देत नाही. तुम्हीही देऊ नका.

टकटक: सगळ्यात जास्त घाबरवणारी

टकटक पाच-सहा ठिकाणांहून येऊ शकते आणि त्यांतली निम्मी निरुपद्रवी असते.

पेट्रोलचे इंजेक्टर उघडमीट करताना शिवणयंत्रासारखे वाजतात. सीएनजीचे त्याहून मोठ्याने. आपल्याकडे सीएनजीच्या गाड्या भरपूर, आणि नवीन मालक पंपावरून पहिल्यांदा गॅस भरून आला की हमखास विचारतो, "हे काय वाजतंय?" बटणाने गाडी पेट्रोलवर घ्या. टकटक थांबली तर ते सीएनजीचे इंजेक्टर, काळजी नको. पेट्रोलच्या टाकीतली वाफ इंजिनकडे सोडणारा छोटा व्हॉल्व्हही मधूनच टिकटिकतो आणि मधूनच गप्प होतो. तोही चालेल.

आता मोजायची गोष्ट. चार स्ट्रोकच्या इंजिनमध्ये क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या वरच्या दांड्याचा, एक होतो. इंजिन ८०० आरपीएमवर शांत चालत असेल तर कॅमशाफ्ट मिनिटाला ४०० वेळा फिरतो. म्हणजे एक सैल टॅपेट (कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्हमधला भाग) पाच सेकंदांत साधारण ३३ वेळा वाजेल, आणि क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला होणारा आवाज ६६ वेळा. फोनवर रेकॉर्ड करा, निम्म्या वेगाने लावा आणि बोटाने टेबलावर ठोकत मोजा. मोजणी ३३ च्या आसपास आली तर शोध इंजिनच्या वरच्या भागात, ६६ च्या आसपास आली तर खालच्या भागात. चारही इंजेक्टर मिळून इतके भराभर वाजतात की मोजताच येत नाहीत. ही पक्की परीक्षा नाही, पण मेकॅनिकला हे सांगितलंत तर तो तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघेल.

मोजण्याच्याही आधी डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची काडी, बघा. सपाट जागा, इंजिन बंद करून दहा मिनिटं. काडी काढा, पुसा, परत पूर्ण घाला, काढा. दोन खुणांमधलं अंतर बऱ्याच लहान गाड्यांत साधारण १ लिटरचं असतं, आणि त्यांच्या इंजिनात एकूण ऑइलच तीन-साडेतीन लिटर. खालच्या खुणेवर आलात म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश ऑइल गेलं. टॅपेट आणि टायमिंग चेनचा टेन्शनर बऱ्याच इंजिनांत ऑइलच्या दाबावर चालतात, म्हणून ऑइल कमी झालं की पहिली टकटक तिथे होते. सकाळी सेल्फ मारल्यावर एक-दोन सेकंद खर्रर्र होऊन थांबणारा आवाज याच जातीचा. तो दहा सेकंदांवर जाऊ लागला तर चेन आणि टेन्शनर तपासून घ्या. ऑइलचा ग्रेड मॅन्युअलमध्ये लिहिलाय तोच. ०डब्ल्यू-२० सांगितलेल्या इंजिनात "जाड ऑइल घाला, आवाज दबेल" म्हणत २०डब्ल्यू-५० ओतलं, तर थंड इंजिनात ते वरपर्यंत पोहोचायलाच उशीर लावतं.

थंड असताना मोठी आणि गरम झाल्यावर विरणारी टकटक आणखी एका ठिकाणची असते, एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांच्या जोडाच्या, गॅस्केटची. धातू तापून फुगला की फट मिटते. टॅपेटपासून ती वेगळी ओळखायची कशी? चढावर जोर लावला की गॅस्केटची फटफट वाढते, टॅपेटला त्याने फरक पडत नाही. जोडापाशी काजळीचा काळा डागही दिसतो. धुराचा वास केबिनमध्ये येत असेल तर लांबवू नका.

आणि बेअरिंगची ठकठक. ती जड, खालून येणारी, इंजिन गरम झाल्यावर आणि ऑइल पातळ झाल्यावर वाढणारी, जोर लावला की आणखी वाढणारी. इतर टकटकी गरम झाल्यावर बहुधा कमी होतात, ही वाढते. एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे. तिच्याबद्दल वर लिहिलंच आहे: गाडी बंद, टोइंग.

चढावरची किणकिण

मुंब्रा बायपासची चढण. गाडीत पाच माणसं, एसी चालू, तुम्ही चौथ्यातच दाबताय आणि इंजिनातून काचेच्या गोट्या हलवल्यासारखी किणकिण येते. हे नॉकिंग. ठिणगीने सुरू झालेली ज्योत पोहोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं. आधी तिसऱ्यात या, जमलं तर दुसऱ्यात. बहुतेकदा तेवढ्यानेच थांबतं, म्हणजे दोष गियरच्या निवडीचा. योग्य गियरमध्येही येत राहिलं तर आत साचलेला कार्बन, चुकीचे प्लग, तापणारं इंजिन किंवा खराब नॉक सेन्सर, यांपैकी काहीतरी. सीएनजीवाल्यांकडे इथे एक सोपी परीक्षा आहे. सीएनजीचा ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग रोखायची क्षमता, १२० च्या वर असतो, साध्या पेट्रोलचा त्याहून बराच कमी. त्याच चढावर पेट्रोलवर किणकिण येते आणि गॅसवर येत नाही, तर ते नॉकिंगच. दोन्हींवर येते, तर पत्रा हलतोय का ते बघा.

पत्र्याचं लवकर उरकतो. एक्झॉस्टवर उष्णता अडवायला पातळ पत्रा असतो. त्याचा बोल्ट गंजून गेला की ठरावीक आरपीएमलाच तो डब्यासारखा वाजतो, पुढे-मागे गप्प. स्टीलच्या क्लिपने बांधता येतो. गियर टाकताना किंवा क्लच सोडताना "धप्" आणि तीन हात नाक्याच्या सिग्नलला एसी लावून उभं असताना स्टिअरिंगला थरथर, तर इंजिन ज्यांवर टेकतं ती फाउंडेशन रबरं दबून खराब झाली आहेत.

फसफस, शिट्टी आणि गॅस

आरपीएम वरखाली होतोय आणि बोनेटखाली बारीक सीत्कार येतोय, तर व्हॅक्यूमचा एखादा पाइप सुटलाय किंवा चिरलाय. रबरी नळीने दहा मिनिटांत सापडतो. टर्बोच्या गाडीत हलकी शिट्टी स्वाभाविक. पण पिकअप गेला आणि रेस देताच मोठी फस्स झाली, तर टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा पाइप निसटलाय.

सीएनजीच्या गाडीत मात्र फसफस आणि वास एकत्र आले तर शोध घेत बसू नका. टाकीत गॅस २०० बारच्या दाबाने भरलेला असतो. इंजिन बंद, सगळे उतरा, विडी-सिगरेट दूर, दिव्यांची बटणं दाबू नका, हात पोहोचत असेल तर टाकीचा हातव्हॉल्व्ह बंद करा आणि जाणकार फिटरला बोलवा. टाकीची दर ३ वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट कधी झाली ते सेकंड हँड गाडी घेतानाच बघून घ्या.

पावसाळ्याचे दोन आवाज

नाल्याकाठच्या सोसायट्यांत पावसाळ्यात घुशी-उंदीर वर येतात आणि गरम इंजिनवर बस्तान मांडतात. बोनेटखाली कापसाचे पुंजके, पोळीचा तुकडा, लेंड्या दिसल्या तर आवाज त्यांच्या कामाचा समजा: कुरतडलेला फोम पंख्याला लागून फडफडतो, किंवा कुरतडलेल्या वायरमुळे गाडी मिस मारते. आणि सकाळी सेल्फ मारण्याआधी बोनेटवर दोन थापा मारा. पावसात मांजरीची पिल्लं इंजिनच्या उबेला झोपतात. आमच्याकडे एकदा थाप मारल्यावर एकामागून एक तीन पिल्लं खाली उतरली.

दुसरा आवाज पाण्यातला. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली आणि सेल्फ मारल्यावर एकच "ठक" होऊन सगळं अडकलं, तर पुन्हा किल्ली फिरवू नका. पाणी सिलिंडरमध्ये गेलंय, आणि पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. दुसऱ्यांदा जोर लावला की कनेक्टिंग रॉड वाकतो. विमा कंपन्या अशा वेळी पुन्हा सेल्फ मारल्याने झालेलं नुकसान बहुधा नाकारतात. इंजिन प्रोटेक्टची वेगळी पुरवणी घेतली आहे का ते मे महिन्यातच पॉलिसीत बघून ठेवा. कळवा-मुंब्र्याच्या बाजूला राहणाऱ्यांनी तर नक्कीच.

गॅरेजमध्ये जाताना

फोनवर दोन व्हिडिओ घ्या, एक बोनेटपाशी आणि एक आत बसून, आरपीएमचा काटा दिसेल असा. थंड इंजिनचा आवाज असेल तर तो गॅरेजला पोहोचेपर्यंत गेलेला असतो, म्हणून आदल्या रात्रीच गाडी तिथे सोडा आणि सकाळी तुमच्यासमोर सेल्फ मारायला सांगा. वागळे इस्टेटमधले किंवा तुर्भ्याचे जुने मेकॅनिक याला सहसा नाही म्हणत नाहीत. एका कागदावर लिहून न्या: "पाऊस पडून गेल्यावर, पहिली दोन मिनिटं, एसीने वाढतो, पाणी मारलं की वाढतो." काय बदला हे मात्र लिहू नका. "अल्टरनेटर बघा" म्हटलंत की अल्टरनेटरच बघितला जातो. ट्रायल मारताना तुम्ही बाजूच्या सीटवर बसा आणि "आता, आत्ता आला" असं बोट दाखवून सांगा.

बदललेला जुना पार्ट मागून घ्या. पहिल्या मजल्यावरच्या मुलाच्या गाडीचा बेल्ट आणि टेन्शनर बदलला, तेव्हा त्याने दोन्ही जुने भाग वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणले. मी टेन्शनरची पुली त्याच्या कानाशी धरून बोटाने फिरवली. खरखर ऐकू आली. मग त्याने ती माझ्या हातातून घेतली आणि बराच वेळ स्वतःच फिरवत बसला.